चटणीच्या डब्याचं झाकण आणि बत्तीस बोअर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मैलूर, बीदर
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

चिरंजीव अमरनाथ यास,

मैलूरहून दाजींचे शरणु शरणार्थी, आणि वयाने मोठा असल्याच्या हक्काने आशीर्वादही. इकडे सर्व ठीक. माझा गुडघा जिना सोडून इतरत्र तक्रार करत नाही, आणि तुझ्या अक्काची साखर डॉक्टरांसमोर शहाण्या मुलीसारखी वागते. तुमच्याकडे मंजुश्री, पोरं, दोन्ही म्हशी आणि करडई यांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. म्हशींचं आधी कळवलंस तरी आम्ही मनाला लावून घेणार नाही.

आता एक गंभीर तक्रार. पंधरा दिवसांपूर्वी औरादच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती तू जी पिशवी पाठवलीस, तिच्यातल्या शेंगाचटणीच्या डब्यावर झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं. तुला वाटेल, एवढ्यासाठी दाजींनी पेन उघडावं का? उघडावं. तुझ्या आईने, म्हणजे आमच्या सासूबाई चंद्रम्मांनी, तुम्ही दोघं भाऊ लहान असताना एकसारखे दोन पितळी डबे घेतले होते, आणि भांडणं नकोत म्हणून एकावर तुझं आणि एकावर बसवेशचं नाव कानडी अक्षरांत कोरून घेतलं होतं. डब्याच्या पोटावर एकदा, झाकणावर एकदा. (नावं घालून भांडणं मिटतात असं समजणारी ती भोळी पिढी.) या डब्याच्या पोटावर अमरनाथ आहे आणि झाकणावर बसवेश. दीड हात बांधावरून जे दोन भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, ते तुमच्या चिंताकीपासून बीदरपर्यंत एकावर एक बसून, खड्ड्याखड्ड्याला एकमेकांवर आपटत आले. वैशाखात आमच्या शैलश्रीच्या लग्नात तुम्ही दोघांनी जे केलं ते मी इथे काढत नाही. शेवटी काढणार आहे. सध्या तक्रार एवढीच की ते झाकण तुझ्या डब्याला केसभर सैल आहे, त्यामुळे सगळं तेल खाली उतरलं, आणि खाली तुझा सरकारी फॉर्म होता.

त्या फॉर्मला तू चिठ्ठी टाचली होतीस, तिच्यात दोन आज्ञा होत्या. पहिली, पिस्तुलाच्या परवान्याच्या या अर्जावर, अर्जदार सद्वर्तनी आहे अशी ओळख देणारा म्हणून मी सही करावी. दुसरी, मी शिकलेला माणूस असल्यामुळे कोणत्या बोअरचं घ्यावं ते मीच ठरवून द्यावं. असं की शेतात येणाऱ्या हरणांनाही चालेल आणि आत्मसंरक्षणालाही. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवतो आहे. या काळात लोकांनी मला मुहूर्त विचारले, बाळांची नावं विचारली, एकदा एका सद्गृहस्थांनी म्हैस गाभण राहील का तेही विचारलं. गोळीचा व्यास विचारणारा तू पहिलाच. मानाची गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. तुझ्या अक्काने मात्र चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, "कामून?" एवढं विचारलं आणि आत गेली. त्या दिवसापासून आमच्या आमटीत मीठ पडलेलं नाही.

विषयाची गोडी लागावी म्हणून तू फोनवर एकोणतीस व्हिडिओ पाठवले होतेस. मी सगळे पाहिले, काही दोनदा. त्यांतला तो दाढीवाला, टोपीवाला अमेरिकन गृहस्थ मला आवडला. तो झाडाला टेकून, आमचे शास्त्रीबुवा शब्दाची फोड करायचे तितक्याच मायेने, गोळीचं वजन समजावतो. त्याचं म्हणणं असं: हरीण हातातल्या हत्याराने मारायचं तर गोळी जड आणि जोराची हवी, कारण हरीण लांब असतं, आणि हलक्या गोळीने ते मरत नाही, जखमी होऊन पळतं आणि दोन दिवस तडफडतं, हे पाप. (पाप हा शब्द त्याने वापरला नाही, पण चेहरा तसा केला.) उलट घरात चोर शिरला तर अंतर चार हात. तिथे तीच जड गोळी चोरातून, भिंतीतून आणि शेजाऱ्याच्या फ्रिजमधून पार जाते, आणि धक्का एवढा बसतो की दुसरी गोळी छताला लागते. थोडक्यात, हरणाचं ते माणसाला नको आणि माणसाचं ते हरणाला पुरत नाही. हे ऐकल्यावर मी वही काढली आणि रीतसर पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडायला बसलो. पूर्वपक्ष असा की मोठंच घ्यावं. मोठ्यात लहानाचं काम होतं, परातीत वाटीभर वरणही मावतं. त्यावर उत्तर असं की मावतं, पण परात कमरेला खोचून बसने उदगीरला जाता येत नाही. तर मग दोन घ्यावीत, असा एक तिसरा पक्ष निघाला. त्याचं खंडन असं की अर्जदाराला कमर एकच आहे. असे नऊ दिवस गेले. नऊ दिवसांत माझ्या ज्ञानात पुष्कळ भर पडली आणि आमटी अळणीच राहिली.

दहाव्या दिवशी मला मूळ चूक सापडली. आपल्याकडे कोणताही ग्रंथ सुरू करताना आधी चार गोष्टी सांगाव्या लागतात: विषय काय, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध काय आणि अधिकारी कोण. मी विषयात शिरलो आणि अधिकारी पाहिलाच नाही. तेव्हा अधिकारी पाहू. आपल्या गळ्यात इष्टलिंग, आपल्या माहितीतल्या सगळ्या पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. मंजुश्रीला वांग्यात अळी निघाली की ती वांगं ठेवते आणि स्वतः स्वयंपाकघरातून बाहेर जाते. आणि तू? तू विंचूसुद्धा चिमट्यात धरून बांधापलीकडे नेऊन सोडतोस. (बसवेशच्या बाजूला सोडतोस हे खरं, पण जिवंत सोडतोस.) समज, तू पिस्तूल झाडलंस, आणि समज, ते लागलं. पुढे त्या हरणाचं तू करणार काय? तू त्याच्या उशाशी बसून रडशील आणि पाणी पाजशील, आणि मंजुश्री मला फोन करेल की दाजी, यांना घेऊन जा.

तरीही कर्तव्यात कसूर नको म्हणून मी जुन्या शहरातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्यामागे एक म्हातारे चाचा, चष्म्याला दोरा बांधलेले. त्यांनी कुलूप काढून एक रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर मखमलीवर ठेवलं. आता, मी हत्यारं आयुष्यात पाहिली ती फक्त खंडेनवमीच्या पूजेत, हळदकुंकू लावलेली. तीसुद्धा विळा, कुऱ्हाड आणि एका वर्षी शाळेचा मोठा लाकडी कंपास. त्यामुळे माझे हात आपोआप जोडले गेले. चपला तर मी पायरीवरच काढून आलो होतो. चाचा माझ्या पायांकडे बघत म्हणाले की चाळीस वर्षांत अनवाणी आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे अक्काच्या खलबत्त्यातल्या बत्त्याहून हलकं. मी वही उघडून नऊ दिवसांचा वाद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, चहा मागवला आणि म्हणाले, "हिरन का अलग, आदमी का अलग, ये सब अमरीका की बातां हैं मास्टरसाब. आपकू बत्तीस मिलता, नै तो बाईस. बाकी सब फौजवालों का. और हिरन मारे तो जेल, आदमी मारे तो बी जेल. अब बोलो, कायकू होना?"

म्हणजे बघ, नऊ दिवस मी ज्या प्रश्नाशी झगडत होतो, त्याचं उत्तर सरकारने आधीच देऊन ठेवलं होतं. आणि जो प्रश्न तुझ्या अक्काने पहिल्याच दिवशी विचारला होता, तोच चाचांनी दक्खनीत विचारला. फॉर्ममध्येही तोच एक रकाना आहे. सरकार त्याला उद्देश म्हणतं, आम्ही प्रयोजन म्हणतो, अक्का कामून म्हणते. मी चाचांना सांगितलं की हरणं पिकाचं नुकसान करतात. ते म्हणाले, मग आधी जंगलवाल्यांना विचारा.

जंगलवाल्यांत आपला राजपाल आहे. तू त्याला ओळखत नाहीस. माझा जुना विद्यार्थी, संस्कृतात अडतीस गुण, त्यांतले तीन मी हस्ताक्षराला दिलेले. आता वनखात्यात गार्ड आहे आणि अजून मला बघितलं की हातातली विडी मागे लपवतो. त्याने सांगितलं की आपल्याकडचं हरीण म्हणजे काळवीट, आणि कायद्याने त्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय. परवान्यासाठी त्याचं नाव घेतलंत तर पिस्तूल राहील बाजूला, पहिली नोटीस तुमच्या मेव्हण्याला येईल. पण खरंच नुकसान असेल तर पंचनामा करून भरपाई मागता येते, तेवढं मी बघतो. म्हणून गेल्या रविवारी सकाळी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून चिंताकीला आलो. तू उदगीरला गेला होतास. (मंजुश्रीने तुला हे सांगितलं नसेल तर तिच्यावर चिडू नको, नको सांगू म्हणून मीच म्हटलं होतं. तिने आम्हाला भाकरी, हिरव्या हरभऱ्याची भाजी आणि ताक दिलं. हरभरा कुणाच्या वावरातला, हे मी विचारलं नाही. तू करडई पेरली आहेस एवढंच मनात नोंदलं.)

अमरनाथ, त्या माळावर मी किती वर्षांनी गेलो! थंडी होती, ऊन कोवळं होतं, आणि तुझ्या वावराच्या वरच्या अंगाला एकवीस काळविटं उन्हाला पाठ देऊन उभी होती. मधोमध तो काळा नर, शिंगं पिळदार, मान अशी की संस्थानातला कुणी जहागीरदार सही करायला बसलाय. शास्त्रात म्हटलंय की कृष्णसार मृग जिथे आपण होऊन फिरतो ती भूमी यज्ञाला योग्य. (आपण बसवण्णांची माणसं, यज्ञ करत नाही, हा वेगळा मुद्दा. पण भूमी योग्य असायला काय हरकत आहे?) ज्या प्राण्यावर मी बालपणापासून श्लोक म्हणत आलो, तो मला हरभऱ्याची पानं चघळत, जराही आदर न दाखवता बघत होता. मी फार सुखी झालो. राजपाल म्हणाला, "सर, तुमी ह्याच्यावर शिकवायलात तवा मला वाटायचं हे स्वर्गात ऱ्हातंय."

मग आम्ही ठसे बघत बघत खाली आलो. खुरांची वाट तुझ्या वावरातून नीट बांधाबांधाने जाते. तुझी करडई दोन्ही बाजूंनी जशीच्या तशी उभी आहे, एक पानही तुटलेलं नाही. राजपालने वाकून एका झाडाला बोट लावलं, काटा टोचून घेतला आणि निकाल दिला: "तुमच्या मेव्हण्याचं हरणं खायलीच न्हाईत, सर. ह्या काट्याला कोण तोंड लावंल? निस्ती चालून जायलीत. खायलीत ती पलीकडच्या हरभऱ्यात." पलीकडचा हरभरा म्हणजे बसवेशचा. तिथे मात्र चार-पाच गुंठे असे भुंडे झालेत की हजामाने मध्येच काम सोडल्यासारखं दिसतं. म्हणजे पंचनाम्याचं तात्पर्य असं निघालं की अर्जदार अमरनाथ काशप्पा यांनी, सख्ख्या भावाच्या हरभऱ्याचं रक्षण व्हावं म्हणून, पिस्तुलासाठी अर्ज केला आहे. इतकं बंधुप्रेम मी पुराणातसुद्धा वाचलेलं नाही.

आम्ही हे बोलत असताना बसवेश बांधावर, त्याच्या अंगाला बसलेला होता. हरणं हाकायला त्याच्याजवळ तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी असते. त्याचं अर्धं डोकं पांढरं झालंय, तुला बांधापलीकडून दिसत असेलच. त्याने मला तांब्या पुढे केला. "घ्या दाजी. पाणी इकडचं हाय, चालंल न्हवं?" म्हणाला. मी प्यायलो. (तुमच्या दोघांच्या विहिरींचा झरा एकच आहे हे तुमच्या वडिलांनी मला माझ्या लग्नात सांगितलं होतं, पण ते असो.) मग त्याने काठीने ढेकूळ फोडत फोडत विचारलं, "अमर पिस्तूल घ्यायलाय म्हणं. कामून?" मी म्हटलं, हरणांसाठी. त्याने आपल्या हरभऱ्याकडे पाहिलं, तुझ्या करडईकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "माझ्या हरभऱ्यासाठी व्हय? लई माया की हो!" राजपालही हसला, मीही हसलो. हसता हसता बसवेशच आधी थांबला. डब्यावर त्याने उगीच एकदा काठी मारली, लांबची हरणं दोन उड्या पुढे गेली, आणि तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी. आणखी पाणी घ्या." मी आणखी पाणी घेतलं.

परत येताना मी मोटारसायकलवर मागे बसून वादाचा शेवट केला. हरणासाठी म्हणावं, तर ती तुझं खात नाहीत, तू ती मारणार नाहीस, आणि कायदा मारू देत नाही. तो पक्ष पडला. उरलं आत्मसंरक्षण. चिंताकीत चोरी झाल्याचं मला तरी आठवत नाही. तुझ्या वावरात चोरण्यासारखी करडई आहे आणि तिला स्वतःचंच हत्यार आहे. म्हशींना तुझ्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही. रानात तुझ्या आसपास माणूस म्हणशील तर एकच आहे, तो बांधावर बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ तेलाचा डबा आहे. तेव्हा कोणापासून संरक्षण, हा रकाना मी भरायचा कसा ते कळव. मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. काल पेन घेऊन बसलो. पण चटणीचं तेल नेमकं त्याच रकान्यावर पसरलंय; कागद तिथे असा पारदर्शक झालाय की खालच्या टेबलावरची रेघ दिसते आणि शाई काही धरत नाही. तीन पेनं बदलून पाहिली. सासूबाईंनी घेतलेल्या डब्याला एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं.

बाकी सर्व आनंद. शैलश्री सासरी कलबुर्गीला मजेत आहे, तुम्हा दोन्ही मामांची चौकशी एकाच वाक्यात करते. शाळेत यंदा संस्कृतला अकरा मुलं आहेत, म्हणजे दोन वाढली. पोरांना आशीर्वाद, मंजुश्रीला शरणु, म्हशींना योग्य ते.

तुझा,
दाजी सिद्धलिंगप्पा

ता. क. बोअरविषयी तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलंच नाही, असं तुला वाटू नये. सिद्धान्त असा: हरणांसाठी तेलाचा रिकामा डबा आणि काठी. हे बसवेशकडे आहे. त्याच्याऐवजी तू एक दिवसाआड बसलास तर त्याची पाठ बरी राहील. आत्मसंरक्षणासाठी करडई.

आणखी ता. क. डबा धुऊन, रिकामा परत करू नये म्हणून अक्काने कारळ्याची चटणी भरून या पत्राबरोबर पाठवला आहे. झाकण तेच आहे. ते सैल कसं, तुझ्या घरी आलं कसं, आणि तुझ्या डब्याचं झाकण सध्या कुठे आहे, याचा शोध तू मंजुश्रीकडे घेऊ नको. तीन वर्षं बांधावरून तिची चटणी तिकडे आणि बसवेशच्या घरून संध्यावहिनीचा हरभरा इकडे जात असणार, हे एखाद्या करडई पेरणाऱ्यालाही कळायला हरकत नाही. ते झाकण ज्याच्या नावाचं आहे त्याच्या हातात तू स्वतः नेऊन दे. चटणी मधल्या मध्ये संपवू नको.

आणखी एक ता. क. येळवशीला, म्हणजे या अमावास्येच्या रानातल्या सणाला, मी आणि अक्का येतोय. भज्जी, आंबील, उंडे सगळं दोघी जावा मिळून करणार आहेत, असं त्यांनी अक्काला कळवलंय. तुम्हा दोघांना कळवलं नसावं. पूजेचे पाच पांडव मांडायची कडब्याची कोप दोन वावरांत दोन घालायची नाही. एकच, बांधावर. अर्धी कुणाच्या हद्दीत येते हे त्या दिवशी पांडवांना विचारू, ते भाऊबंदकीतले जाणकार आहेत.

शेवटची ता. क. फॉर्म मी परत पाठवत नाही, आणि सहीही करणार नाही. तेलाचं कारण पुरेसं होतं, पण तुझ्यापाशी खोटं बोलून मला झोप येणार नाही. शैलश्रीच्या लग्नात बसवेशने पाहुण्यांसमोर बांधाचा विषय काढला, आणि तू बुंदीच्या कढईतला झारा उचललास. मी तुझं मनगट धरलं तेव्हा तुझे डोळे मला ओळखत नव्हते. पाच मिनिटांनी तूच रडत त्याच्या पोरांना बुंदी वाढत होतास. तू मनाने वाईट नाहीस, अमर, हे मी कुणालाही लिहून देईन. पण ती पाच मिनिटं तुझी नसतात. त्या दिवशी हाताला झारा आला म्हणून फक्त बुंदी सांडली. मला हरणांची काळजी नाही आणि चोरांचीही नाही. मी तिथे नसेन आणि ती पाच मिनिटं बांधावर येतील, एवढीच मला भीती वाटते.